नामंजूरची तालीम

कौसाक्काशी बोलायचं तर आधी पायात चपला आहेत का ते बघावं लागे. एका जागी उभं राहून तिनं कुणाशी दोन वाक्यं बोलल्याचं मला आठवत नाही. "बोल की, चालत चालत," म्हणायची आणि निघायची. दूध संस्थेच्या शेडपासून सुरू झालेलं बोलणं पारावरून, चावडीवरून, शाळेला वळसा घालून पुन्हा शेडपाशी यायचं. तोवर समोरच्या माणसाचा दम संपलेला असे आणि तिचा मुद्दा नुकता सुरू होत असे. बीडहून एकदा एक साहेब तपासणीला आले होते. चांगले भरल्या अंगाचे. फाईल काखेत मारून बिचारे तिच्यामागं गावभर फिरले, शेवटी शाळेच्या ओट्यावर टेकले आणि मला म्हणाले, "तुमच्या चेअरमनबाईंना बसता येत नाही का हो?"

मी म्हणालो, "खुर्ची दिलीय साहेब संस्थेनं. तिच्यावर मांजर बसतं."

मी त्या संस्थेचा सचिव होतो. नुकताच बी.ए. झालो होतो, नोकरी नव्हती, मिशा नवीन होत्या. कौसाक्का मला नावानं कधी हाक मारायची नाही. "ए बीए" म्हणायची, आणि ते अशा सुरात की पदवी मिळवल्याचा मला संकोच वाटावा. तिला चेअरमन केलं होतं ते गावातल्या दोन गटांनी मिळून. दोघांचं एकमेकांच्या माणसावर एकमत होईना, तेव्हा कुणाच्याच कामाची नाही म्हणून हिला बसवली. बाई आहे, विधवा आहे, चौथी पास आहे, सांगू तिथं सही करील, असा हिशेब. पहिल्याच बैठकीत मी सहीसाठी कागद पुढं केला, तर ती म्हणाली, "कावून?"

हा तिचा आवडता शब्द. आमच्याकडं 'का' विचारायचं तर 'कावून' म्हणतात, त्यात नवल नाही. पण ती तो विचारायची कुणाला, तर डॉक्टरला, तलाठ्याला, कीर्तनकाराला. एकदा कीर्तनकारबुवा रंगात येऊन म्हणाले, देवानं भक्ताची परीक्षा पाहिली. मागून आवाज आला, "कावून? देवाला म्हाईत नव्हतं व्हय?" बुवांनी टाळकऱ्यांना खूण केली आणि लगेच गजर सुरू झाला.

सकाळी दूध घालायला बहुतेक पोरंच यायची. दुधाची फॅट लावायच्या आधी कौसाक्का पोरांची लावायची. आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र पुढं धरायचं आणि ठळक अक्षरातली एक ओळ वाचून घ्यायची. अडखळलं पोर, की चरवी बाजूला ठेवून शाळेत निरोप जायचा, "गुळवे सर, तुमच्या पाचवीच्या दुधात पानी हाय." गुळवे सर आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक. सज्जन माणूस. ते दुपारी शेडवर येऊन खुलासा द्यायचे, आणि तो खुलासाही त्यांना चालत चालतच द्यावा लागे.

आता गोष्ट त्या वर्षाची. पाऊस रुसला होता. पोळा झाला, गणपती बसले, तरी ओढ्याला पाणी नव्हतं. माणसांना टँकर आणि जनावरांना छावणी. गावाबाहेरच्या माळावर हिरव्या जाळीखाली आख्खं गाव जनावरांसकट राहायला गेलं होतं. छावणी सरकारी पैशातली, पण चालवायला दिलेली आबासाहेबांच्या संस्थेला. आबासाहेब म्हणजे साखर कारखान्याचे संचालक. कारखान्याला ऊसतोडीच्या टोळ्या पुरवणारे मुकादम त्यांचे, आणि आमच्या गावापासून चार कोसांवरची माध्यमिक शाळाही त्यांचीच. आमच्या भागात माणूस जन्मला की आबासाहेबांच्या कुठल्या ना कुठल्या संस्थेचा सभासद होई.

आबासाहेबांच्या शाळेला एक अडचण होती. पोरं कमी पडत होती. पट असेल तर तुकडी, तुकडी असेल तर मास्तरची जागा, आणि जागा असली की ती भरताना संस्थाचालकाला जे समाधान मिळतं त्याबद्दल मी जास्त लिहीत नाही. त्यांची नजर आमच्या शाळेच्या पाचवी, सहावी, सातवीवर होती. त्या वर्गांचा पटही घसरलेला. पण त्याच वर्गांच्या जोरावर आमच्या शाळेत दर वर्षी हंगामी वसतिगृह चालायचं. दसरा-दिवाळीला आई-बाप ऊसतोडीला गेले की पोरं शाळेत जेवायची, शाळेतच राहायची. वर्ग गेले असते तर वसतिगृह गेलं असतं, आणि पोरं कोयत्यामागं उसाच्या फडात गेली असती. मोठ्या पोरी सगळ्यात आधी. मागं लहान भावंडं कोण सांभाळणार?

हे सगळं सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही गावानं स्वतःच्या तोंडानं ते वर्ग देऊन टाकले. कसे, ते सांगतो. असा घोळ घालायला आमच्याच गावाचं डोकं लागतं.

आमच्या ग्रामसभेला कधी माणसं जमत नसत. दूध संस्थेच्या वार्षिक सभेला मात्र झाडून सगळे येत, कारण तिथं भजी असत. सरपंच आबासाहेबांचे. त्यांनी शक्कल काढली की, संस्थेची सभा संपली की त्याच मांडवात, त्याच माइकवर ग्रामसभा उरकायची. आता संस्थेच्या सभेची आमच्याकडची रीत अशी की सचिवानं विषय वाचायचा आणि त्याचं शेवटचं अक्षर तोंडातून पडायच्या आत सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "मंजूर." ऐकायची पद्धत नाही. ऐकत बसलं तर भजी गार होतात. त्या दिवशी मी माझे विषय वाचले. मंजूर, मंजूर, मंजूर. मी खाली बसलो. ग्रामसेवक उठले आणि माझ्याच चालीत पुढं वाचू लागले. संस्थेची सभा कुठं संपली आणि ग्रामसभा कुठं सुरू झाली, कुणाला कळलं नाही. दिवाबत्ती, मंजूर. गटारं, मंजूर. पाचवी ते सातवीचे वर्ग जवळच्या अनुदानित शाळेकडे देण्यास हरकत नाही.

"मंजूर."

आणि आली भजी.

चार-पाच दिवसांनी गुळवे सर शेडवर आले. चेहरा उतरलेला. "अक्का, वर्ग चालले आपले."

"कुनी ठरवलं?"

"ग्रामसभेनं."

"कवा? मी कुठं गेलते?"

"तुम्ही तिथंच होता." सर चाचरले. "खरं सांगायचं तर सगळ्यात मोठा मंजूर तुमचाच होता."

कौसाक्का थांबली. मी घड्याळ बघितलं नाही, पण चरवीतलं दूध निवलं एवढं आठवतं. मग म्हणाली, "बीए, चप्पल घाल."

आम्ही तालुक्याला, वडवणीला गेलो. पंचायत समितीतले शिक्षणाचे साहेब भले माणूस होते. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, ठराव तुमच्या गावाचा. मी तो मोडू शकत नाही. तुमच्या ग्रामसभेनंच फिरवला तर माझी ना नाही."

परत येताना एसटीत तिला बसायला जागा मिळाली होती, तरी ती दांडा धरून उभी. मला एक नामी युक्ती सुचली होती. मी म्हणालो, "अक्का, सोपं हाय. दसऱ्याच्या तोंडावर पुढची ग्रामसभा हाय. मधीच आपला विषय सारू. कोण ऐकतंय? मंजूर म्हणतील आन निघून जातील."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की कंडक्टरनंसुद्धा मान वळवली.

"चोरी करून आनलेली शाळा दुसरा कोनी चोरून न्हेईल, बीए. ह्यांच्या कानाला कळलं पायजे, आपलं तोंड काय बोलतंय ते."

ग्रामसभेत पहिला विषय ठरलेला असतो, मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं. म्हणजे मागच्या वेळी जे झालं ते बरोबर लिहिलंय ना, एवढंच विचारायचं. लोकांनी तिथंच 'नामंजूर' म्हटलं तर गाडी अडकली असती. पण अडचण मोठी होती. आमच्या गावात आजवर भर सभेत हा शब्द कुणी उच्चारलाच नव्हता. जिभेला वळणच नव्हतं. आणि ज्याच्या तोंडावर तो म्हणायचा, त्याच माणसाच्या छावणीत आमच्या म्हशी त्याच माणसाचा चारा खात होत्या.

मग तालीम सुरू झाली. संध्याकाळचं दूध गोळा करायला आम्ही छावणीतच जायचो. धारा काढून झाल्या की लोकांना काम नसे. जनावरं रवंथ करत, माणसं एकमेकांकडं बघत. कौसाक्का मधल्या वाटेनं फेऱ्या मारायची. डोक्यावर माझा टॉवेल फेट्यासारखा गुंडाळलेला.

"मी आबासाहेब हाय," ती म्हणायची. "गावातल्या समद्या म्हशी माज्या कारखान्याला देन्याचा ठराव मांडतो. बोला."

"मंजूर," गावानं सांगितलं.

ती फेटा सावरून पुन्हा निघायची. "तुमच्या बायका माज्या सैपाकाला लावतो. बोला."

"मंजूर," पुरुष म्हणाले, आणि बायकांच्या बाजूनं एक शेणाचा गोळा आला.

सगळ्यात अवघड होते सोपानतात्या. गावातला सगळ्यात जुना सभासद. त्यांना 'ना' एवढं जमायचं, पुढं घसा बसायचा. "न्हाई होत कौसे," ते म्हणायचे. "मानसाच्या तोंडावर कसं म्हनावं? उद्या पेंड बंद केली तर?"

"कुनाची करल? तुमची एकट्याची? समद्यांनी संगट म्हनल्यावर त्याला कळनार हाय का कोन म्हनलं? मंजूर म्हनताना मिसळता की आवाजात. मग नामंजूर म्हनतानाबी मिसळा."

हे सोपानतात्यांना एकदम पटलं. भित्र्या माणसाला पटेल अशी ती गोष्ट होती, आणि ती तिनं भित्र्या माणसासाठीच शोधली होती. तात्यांनी डोळे मिटले आणि म्हशीच्या कानापाशी तोंड नेऊन हळूच म्हणाले, "नामंजूर." म्हशीनं कान झाडला. गावानं टाळ्या वाजवल्या.

ग्रामसभेला आबासाहेब स्वतः आले. त्यांना कुणीतरी कळवलं असणारच. पांढरे शुभ्र कपडे, मऊ आवाज. बोलले मात्र सगळं खरं, तेच वाईट होतं. "तुमच्या शाळेला मास्तर किती? दोन. एक मतदार यादीच्या कामाला, दुसरा जनगणनेला. शिकवतंय कोण? माझ्या शाळेत चला. पिवळी गाडी दारात येईल. कॉम्प्युटर आहे, इंग्रजी आहे. पोरांचं वाटोळं करू नका." माणसं एकमेकांकडं बघू लागली. पिवळी गाडी कुणाला नको होती? मलासुद्धा क्षणभर तिच्यात बसावंसं वाटलं.

कौसाक्का मांडवाच्या कडेनं येरझाऱ्या घालत होती. म्हणाली, "गाडी झकास हाय आबासाहेब. पर आईबाप फडात गेल्यावर सांच्याला ती गाडी पोरांना उतरवनार कुठं? कुलपासमोर?"

आबासाहेब हसले. "त्याचं बघू पुढं."

ग्रामसेवकांनी मागचं इतिवृत्त वाचलं. शेवटचं वाक्य संपलं आणि सवयीप्रमाणे थांबले. पुढच्या रांगेत सोपानतात्यांचं तोंड उघडलेलं. त्यातून काय बाहेर पडणार हे त्यांनाही ठाऊक नसावं. आबासाहेब त्यांच्याकडं बघून प्रेमानं हसत होते.

"नामंजूर."

आवाज बारीक होता, बायकांतून आला. शेषाबाई. एक गाय आणि एक कोयता एवढाच तिचा प्रपंच. दर साल नवऱ्याबरोबर तोडीला जायची, आणि तिची सहावीतली पोर शाळेच्या वसतिगृहात राहायची. तिनं आवाजात मिसळायची वाट बघितली नाही. मिसळायला तोवर आवाजच नव्हता. मग तात्या, मग म्हशींसमोर शिकलेलं आख्खं गाव. एकदा सुटलं ते थांबेना. ग्रामसेवकांनी पुढचा विषय वाचला, दिवाबत्तीचा, तर तोही नामंजूर झाला. तो पुन्हा मंजूर करून घ्यायला कौसाक्काला हात जोडावे लागले.

दुसऱ्या दिवशी छावणीत चारा उशिरा आला. पण आला. एवढ्या जनावरांची दावण रिकामी ठेवली, तर सरकारकडं बिल कशाचं लावायचं हा आबासाहेबांपुढंही प्रश्न होता.

वर्ग राहिले. वाटलं, झालं. पण वसतिगृहाची मंजुरी वरून येईना. दुष्काळ असल्यामुळं टोळ्या लवकर निघणार होत्या आणि कागद त्यांच्या आधी निघायला तयार नव्हता. तेवढ्यात पुण्याच्या एका संस्थेच्या ताई जीप घेऊन आल्या. तरुण, उत्साही, गोड बोलणाऱ्या. म्हणाल्या, "सरकारची वाट कशाला बघता? आम्ही शाळा दत्तक घेतो. वसतिगृह आम्ही चालवू. फक्त गावाचाही थोडा सहभाग हवा, म्हणजे आपलेपणा येतो." कौसाक्काला हे फार आवडलं. आपलेपणा हा शब्द ती दिवसभर तोंडात घोळवत फिरली. तिनं तडकाफडकी दूध संस्थेची विशेष सभा बोलावली आणि ठराव मांडला की प्रत्येकाच्या दुधातून लिटरमागं थोडी कपात करून ती वसतिगृहाला द्यावी.

"बोला," ती म्हणाली.

"नामंजूर."

पुन्हा शेषाबाईच. कौसाक्काला वाटलं, सवयीनं म्हणाली असेल. "आगं, तुज्याच पोरीसाठी हाय ते."

"म्हाईत हाय." शेषाबाई उभी राहिली. तिचे हात पदरात होते. "पर आक्का, शाळा कुनाची? सरकारची. मीठ घेतलं, काडीपेटी घेतली, तरी कर घेतंय सरकार माज्याकडनं. मग शाळेचं पुन्हा माज्या दुधातून कावून? आन ज्याच्या घरी गाय न्हाई, त्याच्या पोरानं काय करायचं? त्या ताई येक साल येतील. फुडल्या साली न्हाई आल्या तर?"

कौसाक्काचाच शब्द, तिच्याच तोंडावर. सोपानतात्यांनी डोळे न मिटता 'नामंजूर' म्हटलं. मग एकेक करत सगळ्यांनी. गावानं अडवलेला दुसरा ठराव गावाच्या चेअरमनचा होता.

कौसाक्का तरातरा शेडबाहेर गेली. मी खिडकीतून बघत होतो. विहिरीपर्यंत गेली, परत फिरली, पुन्हा गेली. पुटपुटत होती. मला वाटलं, ही आता राजीनामा देते. आत आली तेव्हा तिचा चेहरा लाल होता, आणि माझा विश्वास बसेना, ती हसू दाबत होती.

"बीए, लिही. चेअरमनचा ठराव नामंजूर. मोठ्यानं वाच." मी वाचलं. "आनखी येकदा वाच." मी पुन्हा वाचलं. मग ती सभेकडं वळली. "आता नामंजूर म्हनून घरी जायचं न्हाई. सरकारची हाय ना शाळा? मग चला सरकारकडं."

आणि ती सभा, आहे तशी, वडवणीच्या रस्त्याला लागली. वाटेत पाणी प्यायला टँकर थांबवला. पंचायत समितीत साहेब बाहेर आले आणि नेहमीप्रमाणे कौसाक्काला म्हणाले, "बोला बाई." तिनं शेषाबाईला पुढं ढकललं आणि स्वतः मागं जाऊन व्हरांड्यात फेऱ्या मारू लागली. शेषाबाईनं दुधाचं, मिठाचं, काडीपेटीचं सगळं पुन्हा सांगितलं. साहेबांनी दुपारभर फोन केले. संध्याकाळपर्यंत कुणी उठलं नाही. कागद हलला. पुण्याच्या ताई मात्र जीप घेऊन केजकडं गेल्या, तिथं त्यांना आपलेपणा असलेलं गाव मिळालं म्हणतात.

कौसाक्काला जाऊन आता बरीच वर्षं झाली. साध्या तापाचं निमित्त झालं, आणि अंथरुणावर पडून राहायचं जमेना म्हणून गेली, असं आम्ही म्हणतो. शाळेचं, सरकारचं, संस्थाचालकांचं काय बरोबर नि काय चूक, यावर मी बीडच्या सभागृहांतून पुष्कळ भाषणं ऐकली. ऐकताना माझ्या डोळ्यांपुढं येते ती टोळ्या निघाल्या त्या सकाळची कौसाक्का.

ट्रॅक्टर शाळेसमोर उभा होता. ट्रॉलीत भांडी, वळकट्या, कोंबड्या आणि त्यावर शेषाबाई. मुकादम हॉर्न वाजवत होता. पोरगी फाटकाशी उभी, रडायचं नाही असं ठरवून ओठ आवळलेली. शेषाबाई वरून म्हणाली, "आक्का, पोरीला बघा."

"मी कावून बघू?" कौसाक्का ट्रॉलीच्या कडेनं चालत म्हणाली. "सरकार बघंल. तूच म्हनलीस."

शेषाबाईला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. ट्रॅक्टर हलला. कौसाक्का त्याच्याबरोबर वेशीपर्यंत गेली. धूळ खाली बसल्यावर परत आली, पोरीच्या हाताला धरून तिला आत सोडलं आणि माझ्याकडं वळली.

"बीए, माजी बाज शाळेच्या वऱ्हांड्यात नेऊन टाक. उन्हाळ्यापतोर मी हितंच निजनार."